इनिश मानचे पाहुणे

१८९८ सालच्या मे महिन्यात गॉलवेहून निघालेली आगबोट तीनेक तासांनी इनिश मोर बेटाच्या किलरोनन धक्क्याला लागली. धक्क्याच्या भिंतीशी एक म्हातारा जाळी सांधत बसला होता. उतरणाऱ्या प्रवाशांत सत्तावीस वर्षांचा एक अबोल तरुण होता. त्याला पाहताच म्हाताऱ्याच्या मनात आलं, सिंग घराण्यातला कोणी अजून या जगात हिंडत असेल, तर तो हाच. त्यानं चाळीसेक वर्षांपूर्वीचा चेहरा ओळखला होता.

तो चेहरा अलेक्झांडर सिंग यांचा, या तरुणाच्या काकांचा. १८५१ साली ते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक म्हणून या कॅथलिक बेटांवर आले. रविवारी इथे चेंडूचा खेळ चालायचा, तो आपण बंद पाडला, असं त्यांनी घरी पत्रातून समाधानानं कळवलं होतं. पुतण्या, पुढचा नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग, बेटावर उतरला तो असा, कोरी पाटी न घेता. गावाला त्याचं घराणं ठाऊक होतं. परक्या ठिकाणी आपल्याला कोणी ओळखत नाही, हा पाहुण्याचा समज अनेकदा खोटा असतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर तो फारच खोटा होता.

गॉलवे उपसागराच्या तोंडाशी आडवी पसरलेली ॲरनची तीन बेटं म्हणजे इनिश मोर, इनिश मान आणि इनिश इअर. तिन्ही चुनखडीच्या उघड्या खडकाची. माती नव्हतीच, म्हणून लोकांनी ती तयार केली. खडकाच्या भेगा दगडगोट्यांनी बुजवायच्या, त्यावर किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्री शेवाळ यांचे थर पाठीवरून वाहून आणून टाकायचे, आणि वाऱ्यानं ते उडू नये म्हणून चहूबाजूंनी दगडी गडगे रचायचे. अशा वाफ्यांत बटाटा आणि राय पिकायची. रायची पेंढी दगडावर झोडपून दाणा पुढच्या पेरणीला ठेवायचा आणि काड घराच्या छपराला वापरायचं. जळणही बेटावर नव्हतं. चुलीत घालायची पीटमाती समोरच्या कॉनेमारा किनाऱ्यावरून शिडाच्या होड्यांतून यायची. इथल्या एकेका घरामागे किती पिढ्यांच्या पाठी झिजल्या असतील, हे त्या गडग्यांकडे पाहिल्यावर कळतं.

सिंग इथे का आला, याची कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. डिसेंबर १८९६मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात दोघांची भेट झाली. फ्रेंच साहित्यावर टिपणं लिहीत बसलेल्या या तरुणाला येट्सनी ॲरनला जायला सांगितलं. पण सल्ला आणि प्रवास यांच्यामध्ये जवळजवळ दीड वर्ष गेलं आणि त्या काळात त्याच्या मानेतल्या गाठीची शस्त्रक्रियाही झाली. याच आजारानं पुढे १९०९ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याचा बळी घेतला. आयरिश भाषा तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला होता, पण ती पुस्तकातली. चुलीपाशी, होडीत, भांडणात बोलली जाणारी भाषा त्याला ऐकायची होती.

पहिले दोन आठवडे तो इनिश मोरवर राहिला. तिथे त्याला शिकवायला एक जवळजवळ आंधळा म्हातारा मिळाला. या म्हाताऱ्यानं तरुणपणी पेट्री आणि सर विल्यम वाइल्ड या पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसोबत पायपीट केली होती. फिंक हा जर्मन आणि पेडरसन हा डॅनिश भाषापंडित, दोघांनाही त्यानं आयरिश शिकवली होती. विद्वान त्याला शोधत आले, असं शहरातल्या नोंदवह्या सांगतात. बेटाच्या बाजूनं पाहिलं तर हा म्हातारा मुरलेला शिक्षक होता, आणि युरोपातल्या विद्यापीठांची मुलं एकामागून एक त्याच्या हाताखालून गेली होती. सिंगनंच पुढे लिहिलं आहे की भाषेचा अभ्यास हाच बाहेरच्या जगाचा मुख्य व्यवसाय असावा, अशी बेटावरच्या लोकांची समजूत झाली होती. ती रास्तच म्हणायला हवी, कारण त्यांना भेटलेले फ्रेंच, डॅनिश आणि जर्मन पाहुणे बहुतेक त्याच कामासाठी आलेले.

तरी इनिश मोरवर इंग्रजी फार कानावर पडत होती. म्हणून सिंग करखमध्ये बसून मधल्या बेटावर, इनिश मानला गेला. करख म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर डांबर फासलेलं कॅनव्हास. इतकी हलकी की तीन माणसं ती उलटी करून डोक्यावर घेऊन चालतात. अटलांटिकच्या लाटांवर ती काटकीसारखी नाचते, आणि वल्हवणाऱ्याची एक चूक साऱ्यांच्या जिवावर बेतते. इनिश मानवर त्याचा मुक्काम मॅकडोनाह कुटुंबाकडे पडला. गवती छपराचं, लांबट, बसकं घर. मध्ये स्वयंपाकघर, एका टोकाला पाहुण्याची खोली. घराच्या मागे थोड्याच अंतरावर डून कोनहूर हा प्राचीन दगडी गड. या घरानं आधीही पाहुणे ठेवले होते आणि पुढेही ठेवले. १९१६च्या उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स इथे राहून गेला. पाहुण्यांची ऊठबस करणं ही या घराची कला होती, आणि ती सांभाळणारी होती घरातली म्हातारी.

स्थिरावण्याची सुरुवात पायांपासून झाली. सिंग डब्लिनहून आणलेले बूट घालून हिंडत होता. इनिश मानचा धारदार चुनखडक बुटांचे तळ कापून काढू लागला. घरच्यांनी एका संध्याकाळी आपसांत विचार केला आणि त्याच्यासाठी पॅम्पूटी करून दिल्या. हे पादत्राण म्हणजे न कमावलेल्या गाईच्या कातड्याचा तुकडा, केस बाहेरच्या बाजूला, बोटांवरून आणि टाचेमागून मासेमारीच्या दोरीनं आवळलेला. कातडं वाळलं की कडक होऊन पाय कापतं, म्हणून रात्री ते पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचं आणि दिवसभर ओलंच वापरायचं. पहिल्या दिवशी सिंग सवयीप्रमाणे टाचेवर भार देत चालला आणि खडकांनी त्याचे पाय ठेचून निघाले. काही तासांत त्याचं शरीर दुसरी चाल शिकलं: भार पुढे चवड्यावर, बोटांनी खडकाची पकड घेत. मग तो बेटाच्या कोणत्याही भागात घरच्या मुलामागोमाग जाऊ लागला.

या साध्या घटनेत मुक्कामाचं सगळं वळण दिसतं. पाहुण्यानं कपडे बदलून गावकऱ्याचं सोंग घेतलं नव्हतं. बुटांनी हार पत्करली, घरच्यांनी ती पाहिली आणि उपाय केला. पाहुण्याचं काम एवढंच होतं की जे दिलं ते घालायचं आणि पुन्हा चालायला शिकायचं. परगावी जाताना लोक भेटवस्तू नेतात, शब्दकोश नेतात, औषधं नेतात. दुसऱ्याकडून घेण्याची तयारी मात्र बरेचदा घरीच राहते.

पुढचा धडा वेळेचा. बेटावरच्या घरांना समोरासमोर दोन दारं असत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. वारा ज्या बाजूनं येईल ते दार बंद ठेवायचं आणि दुसरं उघडं, म्हणजे उजेड येतो आणि धूर कोंडत नाही. उत्तरेचा वारा असला की दक्षिणेचं दार उघडं असतं. मग चौकटीची सावली स्वयंपाकघराच्या जमिनीवरून सरकत जाते आणि तिच्यावरून वेळ कळते. वारा फिरून उत्तरेचं दार उघडावं लागलं की सावलीच नाही, आणि वेळही नाही. उत्तरेच्या वाऱ्यात म्हातारी सिंगचं जेवण बऱ्यापैकी वेळेवर करायची. दक्षिणेच्या वाऱ्यात सहाचा चहा कधी तीनला पुढ्यात यायचा. वाटेत लोक त्याला किती वाजले विचारत. त्यानं आकडा सांगितला तरी त्यांचं समाधान होत नसे. अंधार पडायला अजून किती अवकाश आहे, ते त्यांना हवं असायचं. होडी परत आणायची आहे, गुरं वळवायची आहेत, शेवाळ भरतीच्या आत वर ओढायचं आहे. या सगळ्यांशी उरलेल्या उजेडाचा संबंध आहे, घड्याळातल्या आकड्याचा नाही. त्या घरात राहणाऱ्याला आपली भूकही वाऱ्याच्या दिशेवर सोपवावी लागली.

संध्याकाळी शेजारीपाजारी स्वयंपाकघरात जमत. पॅट डिरेन नावाचा वृद्ध कथेकरी रोज येऊन परीकथा, भुताखेतांच्या गोष्टी, सावकार आणि पैजांच्या लांबलचक कहाण्या सांगायचा. बाहेरच्या जगाच्या बातम्या विचारल्या जात. त्या वर्षी स्पेन आणि अमेरिका यांचं युद्ध सुरू होतं, आणि घराघरातून माणसं अमेरिकेला गेलेली असल्यानं ते या लोकांना फार जवळचं होतं. सिंगनं आपल्या परीनं परतफेड केली. त्यानं जादूचे छोटे खेळ दाखवले, कसरती करून दाखवल्या, पुढच्या एका भेटीत व्हायोलिन वाजवून नाचाला साथ दिली. संगीताचं शिक्षण तो जर्मनीपर्यंत जाऊन घेऊन आला होता, पण मोठ्या मैफलींत उभं राहण्याची धास्ती त्याला होती. इथल्या चुलीपाशी ते वादन लोकांच्या कामी आलं.

आणि तो परत आला. हे सगळ्यात महत्त्वाचं. १८९८पासून १९०२पर्यंत दर वर्षी तो ॲरनला गेला. सारे मुक्काम मिळून साडेचार महिन्यांच्या आसपास भरतात. मधल्या काळात घरच्या मुलाशी पत्रव्यवहार चालू राहिला. दुसऱ्या वर्षी पहिल्या भेटीत काढलेली छायाचित्रं तो सोबत घेऊन आला. बायकांनी एकेक चित्र हातात घेऊन इतकं निरखलं की चौकटीत नुसता हात किंवा पाय आलेला माणूसही त्यांनी नावानिशी ओळखला. त्याच भेटीत त्याला कळलं की पॅट डिरेन गेला. एकाच भेटीवर निघून गेलेल्या प्रवाशाला गाव जसंच्या तसं आठवत राहतं. परतणाऱ्यालाच गावातली माणसं मरतात, मुलं परदेशी निघून जातात, हे कळतं आणि दुःखात त्याचा वाटा तयार होतो.

तो वाटा किती, याबद्दल सिंग प्रामाणिक होता. कधी हे बेट आपलं पक्कं घर आणि विसावा वाटतं, तर कधी या माणसांत आपण निराधार भटके आहोत असं वाटतं, असं त्यानं स्वतःच नोंदवलं आहे. पहिल्याच मुक्कामात त्याच्या डोळ्यांदेखत थकलेल्या खंडापायी घरं रिकामी करवली गेली. पोलिसांची तुकडी होडीतून उतरली, घरातलं सामान बाहेर काढण्यात आलं, ज्या चुलीतली आग कित्येक वर्षं विझली नव्हती ती चूल परक्यांनी तुडवली. जप्तीचं काम करणारा बेलिफ बेटावरचाच. गर्दीतून एक वृद्धा पुढे आली आणि साऱ्यांसमोर आयरिशमधून त्याला शिव्याशाप देत ओरडली, की हा माझा मुलगा आहे. डुकरं जप्त करताना ती उधळली आणि पोलिसांनाच आडवं करून गेली, तेव्हा जमलेले लोक पोट धरधरून हसले. सिंगनं सगळं लिहून ठेवलं. त्याचा सख्खा भाऊ जमीनदारांचा कारभारी होता आणि कुळांना घराबाहेर काढणं हा त्याच्या कामाचा भाग होता. बेटांवरच्या आपल्या पुस्तकात सिंगनं याचा उल्लेख टाळला. पण बेटावरच्या त्या दिवशीचं त्याचं लेखन वाचताना, दोन्ही बाजूंना आपलं रक्त आणि आपलं अन्न असलेल्या माणसाचा ताण जाणवत राहतो.

बेटानं दिलेलं साहित्यात कसं उतरलं, हे थोडक्यात सांगता येतं. दूर डोनेगलच्या किनाऱ्याला लागलेलं प्रेत आपल्याच माणसाचं का, हे कपड्यांच्या वर्णनावरून ठरवू पाहणारं घर त्यानं जवळून पाहिलं आणि १९०४मध्ये ‘रायडर्स टू द सी’ रंगमंचावर आलं. बापाला फावड्यानं मारून बेटावर आश्रयाला आलेल्या माणसाची हकिकत त्यानं एका वृद्धाकडून ऐकली. तिच्यावरून लिहिलेल्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या पहिल्या प्रयोगांना जानेवारी १९०७मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात दंगल झाली. त्याच वर्षी ‘द ॲरन आयलंड्स’ हे त्याचं पुस्तक चित्रकार जॅक येट्सच्या चित्रांसह निघालं.

सिंगच्या आधी पाचेक वर्षं एक वेगळ्याच जातीचा पाहुणा येऊन गेला होता. आल्फ्रेड कोर्ट हॅडन आणि चार्ल्स ब्राउन यांनी ॲरनच्या लोकांची उंची, डोक्याचा घेर, केसांचा आणि डोळ्यांचा रंग मोजून १८९३मध्ये रॉयल आयरिश ॲकॅडमीच्या नियतकालिकात अहवाल छापला. त्यापूर्वी, १८९०मध्ये, हॅडन आणि अँड्र्यू डिक्सन यांनी उत्तरेकडच्या इनिशबोफिन बेटावरच्या जुन्या मठाच्या आवारातून तेरा माणसांच्या कवट्या गुपचूप उचलल्या होत्या. त्या ट्रिनिटी कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागात राहिल्या. बेटावरच्या लोकांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. अखेर जुलै २०२३मध्ये त्या परत आल्या आणि इनिशबोफिनच्या मातीत पुरल्या गेल्या. एकशे तेहतीस वर्षं. पाहुणा येऊन काय घेऊन गेला, हे गाव विसरत नाही.

रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. १९३२मध्ये तो इनिश मोरवर आला आणि दोनेक वर्षं राहिला, म्हणजे सिंगपेक्षा कितीतरी जास्त. १९३४च्या ‘मॅन ऑफ ॲरन’मध्ये दिसणारं कुटुंब खरं कुटुंब नव्हतं. चेहरे निवडून माणसं जुळवली होती. मोठ्या शार्कची शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वीच बंद झाली होती. चित्रीकरणासाठी लोकांना भाला मारण्याची ती विद्या नव्यानं शिकवावी लागली. वादळी समुद्रात करख घालायला लावून आपण या माणसांचे जीव धोक्यात घातले, याची बोच पुढे फ्लॅहर्टीनं बोलून दाखवली. चित्रपटाला व्हेनिसला मोठं पारितोषिक मिळालं, बेटावर त्या मंदीच्या दिवसांत रोजगार आला, आणि जमीनदारी किंवा खंड यांचा पडद्यावर मागमूसही नव्हता. म्हणजे मुक्कामाची लांबी सगळं काही ठरवत नाही. दोन वर्षं राहिलेल्या माणसानं बेटाला आपल्या मनातलं दृश्य शिकवलं. दुसरा आपल्या सहा आठवड्यांच्या पहिल्याच मुक्कामात बेटाकडून चालायला शिकला.

टिम रॉबिन्सन यांची गोष्ट मात्र कोणाही परक्याला धीर देणारी आहे. यॉर्कशरचा हा गणिती आणि चित्रकार नोव्हेंबर १९७२मध्ये पत्नीसह इनिश मोरवर राहायला आला. पश्चिमेकडच्या गावातल्या पोस्टमास्तरीण बाईंनी त्यांना सुचवलं की तुमचा हात चित्राचा आहे, तर प्रवाशांना उपयोगी पडेल असा बेटाचा नकाशा का काढत नाही? रॉबिन्सन प्रत्येक वाट, प्रत्येक गडगा पायाखाली घालू लागले. ज्यांची जमीन, त्यांच्या तोंडून जागांची नावं टिपू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी नकाशांनी आयरिश नावं इंग्रजी कानानं ऐकून मोडून टाकली होती. ती त्यांनी बेटाच्या उच्चारात परत नोंदवली. १९७५मध्ये नकाशा निघाला. पुढे ‘स्टोन्स ऑफ ॲरन’चे दोन खंड झाले, १९८६ आणि १९९५ साली. गावाला काय हवं आहे ते गावातल्या बाईनं सांगितलं, आणि परक्या माणसानं ऐकलं.

आज सर्वांत जास्त संख्येनं येणारे पाहुणे शाळकरी आहेत. आयरिश ही ज्या भागांची रोजची भाषा, त्या गेलटाख्ट पट्ट्यात दर उन्हाळ्यात आयर्लंडभरची मुलं साधारण तीन आठवड्यांसाठी राहायला जातात. कॉर्कच्या डोंगराळ भागात, बॅलिनगिअरीला, १९०४मध्ये अशा पहिल्या महाविद्यालयाची सुरुवात झाली. सकाळी वर्ग, दुपारी खेळ किंवा समुद्र, रात्री ‘केली’ नावाचं पारंपरिक नृत्य. पण खरी शाळा असते ती मुक्कामाच्या घरी. एकेका घरात मुलांची टोळी, दाटीनं लावलेल्या खाटा, आणि सगळ्यांवर घरधनीण. ती जेवू घालते, ओली जाकिटं वाळवते, घराच्या आठवणीनं रडणाऱ्याला जवळ घेते, आणि मीठ मागायचं तर आयरिशमध्येच माग म्हणते. इंग्रजी बोललेल्यांना घरी पाठवण्याचा जुना नियम अनेकांच्या आठवणीत आहे. सरकार प्रत्येक मुलामागे रात्रीप्रमाणे या घरांना भत्ता देतं. २०२० आणि २०२१ या दोन उन्हाळ्यांत कोविडच्या साथीमुळे वर्ग बंद राहिले, तेव्हा या बायकांच्या कामावर त्या गावांची किती मिळकत उभी आहे, ते सगळ्यांना दिसलं. सिंगच्या पुस्तकात म्हातारीला यजमानीण म्हणून प्रेमाची जागा आहे. शिक्षिका म्हणून तिचं श्रेय तिथेही अपुरंच नोंदलं गेलं. ते आता तरी नीट मोजलं जायला हवं.

इनिश मानची वस्ती आज दोनशेच्या आत आहे. छोटं विमान उतरतं, फेरीबोट येते, मॅकडोनाहांचं घर सिंगच्या नावानं जतन केलं आहे आणि उन्हाळ्यात पाहायला मिळतं. पण राहायला घर मिळणं अवघड झालं आहे. २०२३मध्ये आयरिश सरकारनं बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. बेटांवरची रिकामी घरं दुरुस्त करायला साठ हजार युरोपर्यंत आणि पडझड झालेल्या घरांसाठी चौऱ्याऐंशी हजार युरोपर्यंत अनुदान त्यात सांगितलं होतं. बातमी जगभर फिरली ती वेगळ्याच रूपात: आयर्लंड बेटावर राहायला येणाऱ्याला पैसे देतं. खुलासा करावा लागला की हे पैसे घराच्या दुरुस्तीसाठी आहेत, येणाऱ्या माणसासाठी नाहीत. घर आपल्या मालकीचं असावं लागतं, ते काही काळ रिकामं पडलेलं असावं लागतं, दुरुस्तीनंतर मालकानं तिथे राहावं लागतं किंवा ते भाड्यानं द्यावं लागतं. देशात राहण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. बेटावरच्या तरुण जोडप्यांची अडचण त्याही आधीची आहे, कारण विकायला निघणारी घरंच मोजकी, आणि त्यातली काही सुट्टीपुरती येणारे लोक आधीच घेऊन बसलेले असतात.